डिस्क आपली, किल्ली त्यांची

हा आपल्या भागाचा लिखित मजकूर. लोकलच्या गर्दीत ज्यांना नीट ऐकू येत नाही किंवा ऑफिसात इअरफोन लावता येत नाहीत, त्यांच्यासाठी. बोलताना मी शंभर वेळा 'म्हणजे' म्हणतो, त्यातले नव्वद काढलेत. दहा ठेवलेत, नाहीतर तो मी वाटणार नाही.

आजचा इतिहास फार जुना नाही. २०१२ सालचा आहे. मी तेव्हा नववीतून दहावीत चाललो होतो. आम्ही घाटकोपर पूर्वेला पंतनगरात राहायचो, आणि माझा मावसभाऊ, ज्याला आम्ही सगळे नुसतं दादा म्हणतो, तो मुलुंडला. स्लो ट्रेनने पाच स्टेशनं. दादाला नुकतीच नोकरी लागली होती आणि पहिल्या काही पगारांतून त्याने एक्सबॉक्स ३६० घेतला होता. मावशीचं म्हणणं, एवढ्यात नवा फ्रीज आला असता. तिचं बरोबरच होतं, पण मी दादाच्या बाजूने होतो.

नवा गेम म्हणजे अडीच-तीन हजार रुपये. म्हणून आम्ही सेकंडहँड डिस्क आणायचो. खेळायची, कंटाळा आला की दुकानात परत द्यायची, वर थोडे पैसे घालून दुसरी आणायची. एका रविवारी अशीच एक आणली, बाराशेला. कुठला गेम, कुठलं दुकान ते राहू दे. एकट्याने खेळायचा भाग मस्त चालला. ऑनलाइन खेळायला गेलो तर कोड मागायला लागला. बॉक्सच्या आत एक कागद होता, त्यावर कोड छापलेला. टाकला. उत्तर आलं, हा कोड आधीच वापरलाय. पहिल्या मालकाने वापरून झाला होता. नवा हवा तर दहा डॉलर.

दादाने डिस्क बाहेर काढली आणि ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघायला लागला, जणू कुठे ओरखडा असेल. मग म्हणाला, "अरे, पण हे सगळं डिस्कवरच आहे ना?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पुढे बीटेक झालं, आता अंधेरीत बसून सॉफ्टवेअर लिहितो, आणि उत्तर माहीत आहे. हो दादा, डिस्कवरच होतं.

आमचं प्रकरण तसं किरकोळ. पण त्याच वर्षी मार्चमध्ये याच प्रश्नावरून जगभरातले गेमर पेटले होते. ६ मार्च २०१२ ला कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'स्ट्रीट फायटर क्रॉस टेकन' अमेरिकेत बाजारात आला. दोन वेगवेगळ्या फायटिंग सीरिजमधली मंडळी एकमेकांना भिडतात. आपल्याकडे दोन मालिकांचा महासंगम असतो ना, तसं, फक्त इथे मारामारी बरी असते. लोकांनी डिस्क घेतली, आणि काही उचापतखोरांनी तिच्यावरच्या फाइल्स उघडून पाहिल्या. आत बारा जास्तीची कॅरेक्टर्स निघाली. ब्लांका, साकुरा, गाय, कोडी, डडली, एलेना एका बाजूने, आणि लार्स, अलिसा, ब्रायन, क्रिस्टी, जॅक-एक्स, लेई दुसऱ्या बाजूने. तयार कॅरेक्टर्स, फक्त मेनूत दिसत नव्हती. ३१ जुलैला त्यांची किल्ली विकायला आली, बारांचे मिळून वीस डॉलर. त्या वेळच्या भावाने अकराशेच्या आसपास रुपये. म्हणजे आमच्या अख्ख्या सेकंडहँड डिस्कची किंमत.

कंपनीचं म्हणणं काय होतं? एक, ज्यांनी कॅरेक्टर घेतलंय आणि ज्यांनी नाही, ते दोघं एकमेकांशी खेळू शकले पाहिजेत, म्हणून डेटा सगळ्यांकडे असलेला बरा. दोन, एका ग्राहक संस्थेकडे तक्रार गेली तेव्हा त्यांनी कळवलं की सामान डिस्कवर बंद करून ठेवा किंवा नंतर डाउनलोड करायला द्या, फरक आहे तो फक्त पोहोचवण्याच्या पद्धतीचा.

आता इथे मी थोडी कंपनीची बाजू घेणार आहे. शिव्या घाला हवं तर, पण आधी ऐका. समजा माझ्याकडे साकुरा आहे, तुमच्याकडे नाही, आणि आपण ऑनलाइन लढतोय. तुमच्या टीव्हीवर साकुरा दिसायची तर तिचं मॉडेल, तिचा आवाज, तिच्या लाथा हे सगळं तुमच्या मशीनमध्ये असायलाच हवं. नाहीतर तुम्हाला कोण मारतंय, हवा? हा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के खरा आहे.

आणि दुसरं, आपल्याकडचं नेट आठवा. भारतात तेव्हा ब्रॉडबँडची सरकारी व्याख्याच २५६ केबीपीएस होती. ती ५१२ झाली २०१३ मध्ये. २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ३२ केबी. त्या वेगाने एक जीबी उतरवायला नऊ तास लागतात, तेही मध्ये लाइन गेली नाही तर. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी गच्चीवर वाळवणं घालायला गेलं तरी लाइन जायची. अशा वेळी सामान डिस्कवर आणि फक्त चिमुकली किल्ली नेटवरून, ही पद्धत खरं तर पंतनगरातल्या पोराच्या सोयीची होती.

मग लोक चिडले कशावर? मला वाटतं, वस्तू हातात असण्याचे काही नियम आपल्या अंगात मुरलेले असतात. पुस्तक घेतलं की त्याचं शेवटचं प्रकरण आपलं असतं. ते भावाला देता येतं, रद्दीत घालता येतं, फुटपाथवर निम्म्या किमतीला विकता येतं. डिस्क पुस्तकासारखी दिसते, पुस्तकासारखी विकली जाते, आणि मग कळतं की शेवटची बारा पानं चिकटवलेली आहेत. पानं उशिरा लिहून वेगळी विकली असती तर कुणी हूं की चूं केलं नसतं.

ही युक्ती कॅपकॉमने शोधली नाही, हेही सांगायला हवं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अडोबी कंपनी फॉन्टची सीडी द्यायची. अक्षरांची सगळी वळणं आत असायची, पण कुलूपबंद. फोन करायचा, पैसे भरायचे, कोड घ्यायचा, हवा तो फॉन्ट उघडायचा. डीटीपीवाल्यांना यात काही गैर वाटलं नाही, कारण सीडी जवळजवळ कॅटलॉगसारखीच होती. मग १९९६ मध्ये इड सॉफ्टवेअरने 'क्वेक'ची स्वस्त सीडी दुकानांत ठेवली. सुरुवातीचा भाग मोकळा, आणि पूर्ण गेम, शिवाय कंपनीचे जुने गेम्स, त्याच सीडीवर एन्क्रिप्ट करून ठेवलेले. पुन्हा तेच, फोन करा आणि किल्ली घ्या. पण कुलूप कच्चं निघालं. ते फोडणारा छोटासा प्रोग्रॅम पसरला आणि स्वस्त सीडीत लोकांना अख्खं दुकान मिळालं.

म्हणजे बघा, १९९६ ची सीडी उघडपणे सांगत होती की मी नमुना आहे, बाकीचं बंद आहे. २०१२ ची डिस्क पूर्ण किमतीला विकली गेली होती. मधल्या वर्षांत हळूहळू सवय लावली गेली. २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकलं, तेव्हा लोक हसले. २००९ मध्ये 'रेसिडेंट ईव्हिल ५'चा व्हर्सस मोड पाच डॉलरला आला, आणि त्याची फाइल इतकी लहान होती की त्यात गेमचा मोड मावणंच शक्य नव्हतं. ती फक्त किल्ली होती. २०१० मध्ये ईएने ऑनलाइन पास आणला, नव्या डिस्कसोबत एकदाच चालणारा कोड. त्यातून सेकंडहँड बाजाराला सरळ सरळ चाप बसला. अमेरिकेत लोक यावर रागावले. आमच्यासारख्यांचं तर सगळं गेमिंगच सेकंडहँडवर उभं होतं.

आता त्याच वर्षाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. जागा तीच, घाटकोपर. वस्तू दुसरी, टीव्ही.

३१ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री मुंबईत जुनं ॲनालॉग केबल बंद होणार होतं. सेट-टॉप बॉक्स नसेल तर चॅनेल नाही. आधीची मुदत ३० जूनची होती, ती पुढे ढकलली गेली होती, म्हणून बाबांना खात्री होती की हीसुद्धा ढकलली जाईल. शिवाय माझी दहावी, त्यामुळे घरात बॉक्सचा विषय काढायचीच बंदी. १ नोव्हेंबरला आजीने टीव्ही लावला आणि सगळीकडे मुंग्या. दिवाळी दोन आठवड्यांवर, आणि आजीच्या मालिका बंद. माझी दहावी गेली बाजूला. दोन दिवसांत बॉक्स आला, फॉर्म भरला गेला, केबलवाल्याकडचा मुलगा येऊन जोडून गेला.

चित्र एकदम काचेसारखं स्वच्छ. पण आजीने नेहमीचं एक चॅनेल लावलं तर पडदा काळा, आणि त्यावर इंग्रजीत ओळ की हे तुमच्या पॅकमध्ये नाही. आजीने बॉक्सकडे पाहिलं, भिंतीतून येणाऱ्या वायरकडे पाहिलं आणि विचारलं, "वायर तीच आहे ना रे?"

दादाचाच प्रश्न की नाही?

वायर तीच होती. आणि त्या वायरीतून आजीचं चॅनेल त्या क्षणीसुद्धा आमच्या घरात येत होतं. हे फार लोकांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. केबलवाला प्रत्येक घरासाठी वेगळी चॅनेल्स पाठवत नाही. सगळ्या बिल्डिंगला सगळं एकदमच जातं, फक्त विस्कटून. ते सरळ करायची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते, आणि गंमत म्हणजे ती किल्लीसुद्धा त्याच सिग्नलमधून येते, आणखी एका कुलपात बंद करून. तुमच्या बॉक्समधलं कार्ड बघतं की या घराने या चॅनेलचे पैसे भरलेत का. भरले असतील तर किल्ली बाहेर देतं, नसतील तर काळा पडदा. म्हणजे तत्त्व डिस्कचंच. सामान घरात, परवानगी दुसऱ्याकडे.

तरीही आजी दोन दिवसांत शांत झाली आणि दादा आजही त्या डिस्कबद्दल बोलतो. का?

एक कारण सोपं आहे, केबलचे पैसे आपण आधीपासून महिन्याचे भरत होतो. ते भाडं आहे हे डोक्यात पक्कं होतं. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते कळायला थोडं मागे जावं लागेल. जुन्या ॲनालॉग काळात गच्च्यांवरून, झाडांवरून गेलेल्या वायरीत सगळं उघडं असायचं. केबलवाल्याकडे घरं असायची पाचशे आणि चॅनेल कंपनीला तो सांगायचा शंभर. घरं मोजायची सोयच नव्हती. म्हणून २००२ मध्ये संसदेने कायदा बदलून कुलपाची तरतूद केली, तिला कॅस म्हणायचे. २००३ मध्ये ती फक्त चेन्नईत चालली. मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या ठरावीक भागांत लागू झाली ३१ डिसेंबर २००६ ला, तीही कोर्टाच्या दट्ट्यानंतर. आणि कुलूप लावायच्या आधी किल्लीचा भाव ठरला. ट्रायने सांगितलं, पे चॅनेल महिन्याला जास्तीत जास्त ५ रुपये, आणि किमान ३० फुकट चॅनेल्सचा गठ्ठा ७७ रुपये, वर कर. पुढे २०१९ च्या फेब्रुवारीत नवा हिशेब आला. १०० चॅनेल्सपर्यंत १३० रुपये अधिक जीएसटी, गठ्ठ्यात घालायचं असेल तर चॅनेलची किंमत १९ रुपयांच्या वर नको, आणि प्रत्येक चॅनेल सुटं मिळालंच पाहिजे. तेव्हा घरोघरी लोक कागद-पेन घेऊन बसले होते, आठवतंय? बाबांनी तर एक्सेल केली होती. आकडे नंतर बदलत गेले, त्या नियमांवर टीकाही भरपूर झाली, आणि कित्येकांचं बिल कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. पण भाव छापलेला होता, आणि भांडायला एक दार होतं.

डिस्कवरच्या बारा कॅरेक्टर्सचा भाव कुणी ठरवला? ज्याने कुलूप लावलं त्यानेच. सुटं कॅरेक्टर द्यायचं की बाराचा गठ्ठा, हेही त्यानेच. विलेपार्ल्यात मुंबई ग्राहक पंचायत आहे, १९७५ पासूनची संस्था, पण कुणी गेमर तिथे डिस्क घेऊन गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. गेम ही पोराटोरांची गोष्ट, त्यात कसली तक्रार! कॅलिफोर्नियात आत्ता कुठे १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आलाय की डिजिटल वस्तूवर 'खरेदी करा' असं बटण लावायचं असेल तर हे फक्त लायसन्स आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं.

बरं, त्या रागाचं पुढे झालं काय? २०१२ च्या मे महिन्यातच कॅपकॉमने म्हटलं की डिस्कवर बंद सामान ठेवण्याच्या पद्धतीचा फेरविचार करू. ईएने २०१३ मध्ये ऑनलाइन पास बंद केला. आम्हाला वाटलं जिंकलो. खरं तर कुलूप कुणी काढलंच नव्हतं. फक्त सामान डिस्कवरून उचलून सर्व्हरवर नेलं, जिथे ट्यूबलाइटखाली धरून बघता येत नाही.

हे मी इतक्या ठामपणे का सांगतोय? कारण मी स्वतः हेच केलंय.

मागच्या एका नोकरीत आमचं परीक्षेच्या तयारीचं ॲप होतं. मुलं व्हिडिओ लेक्चर्स फोनमध्ये उतरवून ठेवायची, कारण हॉस्टेलला नेट नसतं. प्लॅन संपला की व्हिडिओ उघडत नसे. फाइल फोनमध्येच, एन्क्रिप्ट केलेली, जागा अडवून बसलेली. प्लॅन चालू आहे की नाही हे तपासणारा कोड माझा होता. जेमतेम चाळीस ओळी. एका मुलीची मेल आली, साध्या मराठीत. तिचं म्हणणं असं की माझा बत्तीस जीबीचा फोन, त्यातली चार जीबी तुमच्या व्हिडिओंनी भरलीय, नेटपॅक मी मारला, उतरवायला रात्रभर मी जागले, आणि आता परीक्षेला सहा दिवस राहिले असताना तो माझा नाही म्हणता. अशा बऱ्याच मेल यायच्या, पण हिची माझ्या डोक्यात राहिली, कारण ती दादासारखंच बोलत होती.

मीटिंग झाली. मी काय उपाय सुचवला असेल? प्लॅन संपला की तीन दिवस आधी सूचना देऊन फाइल आपोआप पुसून टाकायची. सगळ्यांना आवडला. जागा मोकळी होणार, वापरणारा खूश. रिलीज झाल्यावर तक्रारी जवळजवळ थांबल्या. मला शाबासकी मिळाली. त्या मुलीला तिचे सहा दिवस मिळाले नाहीत ते नाहीतच. परीक्षेपर्यंतची सवलत द्यायला दोन ओळी पुरल्या असत्या, हे मला तेव्हाही येत होतं. मी सुचवलं नाही, कारण विचारलं होतं ते तक्रारी कशा कमी होतील हे.

आता त्या जुन्या डिस्कांकडे परत येतो, कारण त्यांची गोष्ट अजून संपलेली नाही. २९ जुलै २०२४ ला मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चं ऑनलाइन दुकान बंद केलं. आधी घेतलेल्या वस्तू चालतात, पण त्या मशीनवर नवी किल्ली आता विकत मिळत नाही. म्हणजे जगात कुठेतरी अशा डिस्का पडून आहेत ज्यांच्यावर सामान आहे, घ्यायला पैसेवाला गिऱ्हाईक आहे, पण गल्ल्यावर कुणी नाही. त्याच वर्षी ३१ मार्चला युबीसॉफ्टने 'द क्रू' या गेमचे सर्व्हर बंद केले, तेव्हा तर अख्खी डिस्कच निकामी झाली. एकट्याने गाडी चालवायचीसुद्धा सोय उरली नाही.

आणि २०२५ च्या जूनमध्ये निन्टेंडोचं स्विच २ आलं. त्याच्या काही गेम्सच्या कार्डात गेम नसतोच. कार्डात फक्त किल्ली, गेम नेटवरून उतरवायचा. २०१२ मध्ये सामान होतं, किल्ली नव्हती. आता किल्ली आहे, सामान नाही. बरं, अशा किल्ली-कार्डावर आलेल्या पहिल्या गेम्सपैकी एक कुठला, सांगा बघू? 'स्ट्रीट फायटर ६'. कंपनी तीच, कॅपकॉम. पण निदान कार्ड भावाला देता येतं, दुकानात विकता येतं, म्हणून मला त्या २०१२ च्या डिस्कपेक्षा ते एका बाबतीत बरंच वाटतं. हे माझं मत, दादाला अजिबात पटत नाही.

हा भाग तयार करताना दादाला फोन केला होता. एक्सबॉक्स मुलुंडच्या घरी माळ्यावर आहे म्हणे. ती बाराशेची डिस्क कुठाय विचारलं, तर मावशीनेच मागून उत्तर दिलं. गॅलरीत टांगलीय, दोऱ्याने, कबुतरं येऊ नयेत म्हणून. येतात तरी.

चला, पुढच्या भागात भेटू.